पांढरं झाकण

सुकलालभाऊ आमच्या मजल्यावर राहायला आले त्या दिवशी त्यांच्या सामानात एक लोखंडी पलंग, एक पत्र्याचं कपाट, एक शिवणयंत्र आणि पांढऱ्या चकत्यांनी भरलेली काचेची बरणी होती. मला वाटलं, पेढे. तीस वर्षं शाळेत घालवलेल्या बाईला दुसऱ्याच्या सामानात डोकावल्याशिवाय करमत नाही, तेव्हा मी विचारलंच. त्यांनी बरणी उघडून एक चकती माझ्या तळहातावर ठेवली. मेणासारखी गुळगुळीत, गार, आणि दिसते त्याहून जड. "टेफलॉन," ते म्हणाले, आणि मी काही तरी चांगलं बोलेन म्हणून वाट बघत उभे राहिले.

मी उषाबाई. मूळची परभणीकडची, लग्न करून सुरतेत आले, इथल्याच एका मराठी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. यजमान गेले त्याला बारा वर्षं झाली. कोसाडच्या या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर चार दारं आहेत, त्यातलं जिन्याजवळचं माझं आणि त्याला चिकटून सुकलालभाऊंचं. ही हकिगत त्यांची आहे. पण तिच्यात माझाही गुन्हा आहे आणि तो मी झाकून ठेवणार नाही. झाकून ठेवण्यानंच सगळा घात केला.

सुकलालभाऊ अमळनेरकडचे, घरात अहिराणी बोलणारे. विसाव्या वर्षी सुरतेत आले, आधी कापड विणायच्या लूमवर राहिले, तिथं कान बधिर व्हायला लागले म्हणून कडोदऱ्याच्या रस्त्याला एका शेठच्या शेडमध्ये लेथवर लागले. त्या शेडमध्ये लोखंड नाही, पितळ नाही, फक्त टेफलॉन. कागदोपत्री त्याचं नाव पीटीएफई, पण कागद वाचतो कोण. जाड पांढऱ्या दांड्या यायच्या आणि त्यांच्या रिंगा, वॉशर, बुश, व्हॉल्व्हच्या सीटा होऊन जायच्या. रंगाच्या मिलमध्ये उकळतं पाणी नि ॲसिड ज्या नळांतून जातं, त्या नळांच्या सांध्यात हेच बसतं. भाऊ रोज सकाळी बसनं पर्वत पाटियाला उतरायचे, पुढं शेअर रिक्षा, आणि आठच्या ठोक्याला लेथपाशी हजर. पंचवीस वर्षांत त्यांनी फार तर पंचवीस खाडे केले असतील, त्यातले निम्मे पोरीच्या लग्नात.

आपल्या कामाचं कौतुक असणारी माणसं मला आवडतात, पण भाऊंचं कौतुक जरा अतीच होतं. जेवायला बसले तरी टेफलॉन. प्लंबर नळाला गुंडाळतो ती पांढरी पट्टी दिसली की टेफलॉन. मंगलाबाई, त्यांची बायको, म्हणायची की लग्नाच्या बायकोचं एवढं गुणगान कुणी ऐकलं नसेल. त्यांचं म्हणणं, या वस्तूला मापात ठेवणं हा पोरखेळ नाही. उन्हाळ्यात दुपारी कापलेली रिंग सकाळी मोजली तर लहान भरते, कारण उष्णतेनं ही फुगते. म्हणून ते शेवटचा काप नेहमी सकाळच्या गारव्यात घ्यायचे आणि आदल्या दिवशीचा माल रातभर नुसता पडून राहू द्यायचे. बाकीचे कारागीर हसायचे. पण मिलवाले रिंगा घ्यायला आले की विचारायचे, सुकलालनं कापल्यात का.

मी तेव्हा शाळेतच होते. आठवीला प्लास्टिकचा धडा आला आणि पुस्तकात त्यावर चार ओळी. म्हटलं, घरात गंगा असताना पुस्तकात कशाला तोंड घालायचं. शेडची सुट्टी बघून भाऊंना वर्गावर बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून, केस चप्प बसवून आले. बरणीतल्या चकत्या पोरांच्या हातात दिल्या. एकीवर तेलाचा थेंब सोडला, तो मोत्यासारखा गोळा होऊन घरंगळला. एकीवर फेविकॉल लावून कागद चिकटवला आणि वाळल्यावर फुंकर मारून उडवला. प्रयोगशाळेतल्या ॲसिडात चकती तासभर बुडवून ठेवली आणि पुसून परत दिली, जशीच्या तशी. वीज जात नाही, पाणी शिरत नाही, उन्हात वर्षानुवर्षं ठेवा, तडकत नाही. नख मात्र उमटतं, आणि घट्ट दाबून ठेवलं तर हळूहळू सरकत सरकत दबतं. पोरं डोळे विस्फारून बघत होती आणि भाऊ अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे बोलत होते.

मग एका पोरानं विचारलं की जळतं का. भाऊ एकदम गंभीर झाले. म्हणाले, दोनशे साठ डिग्रीपर्यंत हे देवमाणूस आहे, त्याच्यावर नेलं की बिघडायला लागतं, आणि विस्तवाशी गाठ पडली तर विषारी धूर सोडतं, तो धड दिसतही नाही. म्हणून शेडमध्ये बिडी खिशात ठेवायची सक्त बंदी. हाताला लागलेला भुसा बिडीवर गेला आणि बिडीच्या विस्तवात जळाला, की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, छाती आवळते, खोकला येतो, आणि एकदोन दिवसांत सगळं आपोआप उतरतं. लोकांना वाटतं मलेरिया. शेडमधले जुने लोक त्याला बिडीचा ताप म्हणतात. नवा माणूस कामाला लागला की त्याला पहिली गोष्ट ही सांगायची, हात धुतल्याशिवाय बिडी नाही.

हे सगळं मी फळ्यावर लिहिलं. दोनशे साठ हा आकडा चौकटीत लिहिला. परीक्षेत त्यावर दोन मार्कांचा प्रश्नही काढला होता.

आता मंगलाबाईबद्दल. ठेंगणी, सावळी, सदा हसतमुख. साड्यांना फॉल लावायचं काम घरी आणायची, दिवसभर मशीन चालायचं आणि तोंडही. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण मला दटावायला कमी करायची नाही. मी एकटीसाठी चूल कशाला पेटवायची म्हणून ब्रेड खाल्ला की पाच मिनिटांत तिची भाकरी-भाजी माझ्या ओट्यावर. तिला एकच व्यसन होतं, मिसरीचं. लहानपणापासून. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट भाजायची, कुस्करायची, आणि सकाळी बोटावर घेऊन दात घासत खिडकीशी पाऊण तास बसायचं. तो पाऊण तास तिचा स्वतःचा. त्या वेळी तिला कुणी हाक मारली तर ती नुसती हुंकार द्यायची.

सहा वर्षांपूर्वी भाऊंची आई गेली. गालाचा कॅन्सर. तीही जन्मभर मिसरी लावणारी. शेवटचे चार महिने भाऊंनी तिला सुरतेत आणलं होतं आणि स्वतःच्या हातानं तिचं सगळं केलं. तोंड उघडेना, तेव्हा चमच्याचा दांडा घालून पेज पाजायचे. तो वास आमच्या मजल्यावर महिनाभर होता. आईचं तेरावं झालं त्याच संध्याकाळी भाऊंनी मंगलाबाईला देवासमोर बसवलं, पोरीला, गायत्रीला, शेजारी बसवलं, आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की आजपासून मिसरी बंद. तवा भंगारात दिला. मंगलाबाई रडत होती आणि भाऊही रडत होते. मी तिथंच होते.

पाच महिने तिनं पाळलं. दातांवरून नुसतं बोट फिरवत बसायची, चिडचिडी झाली, मशीनवर सुई बोटात घुसवून घेतली. मग एक दिवस दुपारी एक डबा घेऊन माझ्याकडे आली. चहापत्तीचा जुना पत्र्याचा डबा. म्हणाली, "बाई, हाऊ तुमना घरमा राहू द्या. त्यासले नका सांगज्यात. त्यासनी माले पोरनी शप्पत घालेल शे."

मी तिला झाडलं. कॅन्सरवर भाषण दिलं. आणि डबा डाळीच्या बरण्यांमागे ठेवला. कारण पाच महिने तिचं तोंड बघवत नव्हतं, हे एक. आणि दुसरं खरं सांगायचं तर मला शेजारणीचं गुपित राखायला बरं वाटलं. एकट्या बाईला असं काही मिळालं की ती ते सोडत नाही. रोज भाऊ कामाला गेले की मंगलाबाई माझ्याकडे येऊन, माझ्या खिडकीशी बसून मिसरी लावायची, आणि मी निवृत्तीनंतरच्या त्या निवांत दिवसांत तिच्यासमोर चहा पीत बसायचे.

दुकानातली तयार मिसरी तिला चालायची नाही, ती कडू लागते म्हणायची. भाजायची घरीच, लपवून ठेवलेल्या दुसऱ्या तव्यावर, महिन्यातून एकदा, भाऊ शेडवर असताना. पण भाजलेल्या तंबाखूचा वास काय दारं-खिडक्यांना ऐकतो? सगळा मजला खोकायला लागणार आणि कुणीतरी भाऊंना सांगणार. म्हणून ती दार-खिडकी लावून घ्यायची, आणि भाजून झालं की लगेच हिरव्या मिरच्यांचा ठेचा करायची. कुणी खोकलंच तर ठेच्यामुळं. तरी वास राहायचाच.

त्यावर तोडगा भाऊंनीच घरी आणून दिला. तीन वर्षांपूर्वी शेडमध्ये टेफलॉनच्या एका मोठ्या पत्र्याचा तुकडा उरला, दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा, ताटाएवढा. शेठला विचारून त्यांनी तो घरी आणला, नागलीचे पापड वाळवायला. ओले पापड त्यावर घालायचे, वाळले की आपोआप सुटतात, एक तुकडा मोडत नाही. मंगलाबाई खूश. सगळ्या वसाहतीतल्या बायका तो तुकडा बघून गेल्या. भाऊ प्रत्येकीला सांगायचे की याला काही होत नाही, तेल घाला, ॲसिड घाला, उन्हात घाला. मंगलाबाईनं ते शंभरदा ऐकलं होतं. तिनं तो तुकडा मिसरीच्या तव्यावर झाकण म्हणून ठेवला.

झाकण फार नामी निघालं, तिनंच मला सांगितलं. स्टीलचं ताट ठेवलं की तव्याच्या कडेनं फटी राहतात. हे गरम झालं की मऊ पडून कडेवर गच्च बसतं, वास आत कोंडला जातो. आणि ना पेटत, ना वितळून गळत. गॅस मोठा ठेवून ती पंधरा-वीस मिनिटं तिथंच उभी राहायची, खिडकी बंद. मी म्हणाले, हुशार आहेस. हे शब्द माझे.

ताप तेव्हापासून सुरू झाला. भाजल्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी, छातीत आवळल्यासारखं, कोरडा खोकला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाई मशीनवर. भाऊंनी मलेरियाची तपासणी करून घेतली, दोनदा, तीनदा. काही निघायचं नाही. खोलीत मच्छरदाणी आली, गुळवेलीचा काढा आला. एकदा म्हणे भाऊंनी तिचे हात नाकाशी धरून हुंगले आणि विचारलं, तू काही ओढत तर नाहीस ना. ती मला सांगताना हसून हसून बेजार झाली. "ह्यासले वाटस मी बिडी वढस," म्हणाली. भाऊ खऱ्या कारणाच्या दारापर्यंत पोचले होते आणि ती हसली म्हणून परत फिरले.

मंगलाबाईनं स्वतः मात्र बरोबर हेरलं होतं. तिला कळलं होतं की ताप भाजणीच्या दिवशीच येतो. दिवाळीच्या आसपास कधी तरी, माझ्या खिडकीशी बसून, बोटावर मिसरी घेऊन ती म्हणाली, "बाई, माले शप्पत लागस. जव्हय भाजस तव्हय ताप येस. पोरना डोकावर हात ठेल व्हता ना मी." तिला वाटत होतं, पोरीवर काही जाऊ नये म्हणून देव तिच्यावरच भागवून घेतोय. एवढ्यावर निभावतंय तर निभावू दे, अशी तिची समजूत.

मी विज्ञानाची शिक्षिका. मी तिला फैलावर घेतलं. अंधश्रद्धा म्हणतात याला, म्हटलं. शपथेनं ताप येत असता तर अर्धी सुरत अंथरुणाला खिळली असती. माझ्या त्या विनोदावर मीच हसले. भाजलं की ताप येतो, हे एका अडाणी बाईनं निरीक्षण करून मला सांगितलं होतं. विस्तवाशी गाठ पडली की ताप येतो, हे तिच्या नवऱ्यानं मला सांगितलं होतं. तव्यावर कसलं झाकण आहे तेही मला ठाऊक होतं. तिन्ही गोष्टी ठाऊक असलेली पृथ्वीवर मी एकटी होते. आणि माझी ट्यूब पेटली नाही. मी तिला शपथेचा दोष कसा खोटा आहे ते समजावत बसले. याचा मला इतका संताप येतो की कधी कधी आरशासमोर उभं राहवत नाही.

मागच्या भाद्रपदात गायत्री बाळंतपणासाठी येणार होती, नवापूरहून, तीन महिने. पोर घरात असताना भाजणं शक्य नव्हतं. ती तर शपथेचीच पोर. म्हणून मंगलाबाईनं तीन महिन्यांची मिसरी एकदम भाजायला घेतली. बाहेर पावसाची झड, खिडकी घट्ट, चार घाणे, एकामागून एक. झाकण तव्यावरून खालीच नव्हतं. दुपारी डबा माझ्याकडे द्यायला आली तेव्हा डोळे लाल होते आणि ती जिना चढून आल्यासारखी धापा टाकत होती, शेजारच्याच दारातून येऊन. मी म्हटलं, पड जा. ठेचा करायचा राहिलाय, म्हणाली, आणि गेली.

संध्याकाळी भाऊ आले तोवर तिला बसवत नव्हतं. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, मीही गेले. तिथल्या डॉक्टरांनी नळी लावून तपासलं, छातीचा फोटो काढला, फुप्फुसात पाणी भरत चाललंय म्हणाले. मग भाऊंना गुजरातीत विचारलं, की घरात काही धूर झाला होता का, कसला गॅस, काही जाळलं का. भाऊ गोंधळून म्हणाले, मी कामावर होतो, पण जाळायला आमच्या घरात काय आहे. मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पलंगावर मंगलाबाई होती, तोंडावर मास्क, आणि मास्कच्या वरून तिचे डोळे माझ्याकडे लागले होते. तिनं मान हलवली, नाही म्हणून. अगदी थोडी.

मी म्हणाले, मिरच्यांचा ठेचा केला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंगलाबाई गेली. नववा महिना लागलेली गायत्री पोट धरून आली आणि आईच्या पायाशी बसून राहिली. तिला वर उठवायला तीन बायका लागल्या.

दिवस झाले, गायत्री सासरीच बाळंत झाली, मुलगी झाली. भाऊ आठवड्यानं कामावर जायला लागले. मग एका रविवारी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. हातात तो पापडांचा तुकडा होता. पिठाच्या डब्यामागे सापडला, म्हणाले. आत येऊन त्यांनी तो माझ्या टेबलावर पसरला. पांढऱ्या तुकड्यावर तपकिरी, काळपट असं एक मोठं कडं उमटलं होतं, तव्याच्या आकाराचं, आणि कड्याच्या आतला भाग आक्रसून वाकडा झाला होता. भाऊंनी अंगठ्यानं ते कडं चाचपलं. त्यांना मला काही समजावून सांगावं लागलं नाही आणि मलाही त्यांना. आयुष्यभर ज्याची जाडी बोटांनी मोजली ती वस्तू त्यांना सगळं सांगत होती.

"बाई, ती मिसरी भाजे का?" त्यांनी विचारलं.

मी उठून डाळीच्या बरण्यांमागून डबा काढला आणि त्यांच्यापुढं ठेवला. तीन महिन्यांची मिसरी होती, त्यातली एक चिमूटसुद्धा वापरली गेली नव्हती. भाऊंनी झाकण उघडलं, बघितलं, परत लावलं. मग ते म्हणाले, "ती जगाले पाहिजे म्हनीसन घाली व्हती ना मी शप्पत." एवढं बोलून ते टेबलावर डोकं ठेवून लहान पोरासारखे हमसाहमशी रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

जाताना त्यांनीच माझी समजूत घातली. तुम्ही डबा ठेवून घेतला, त्यात तुमचा काय दोष, बायका बायकांचं एवढं राखतातच. दोष माझा. मी पंचवीस वर्षं पुरुषांना सांगत आलो की हात धुवा नि मग बिडी ओढा. घरात येऊन बायकोला एकदा सांगितलं नाही, कारण बायका कुठे बिडी ओढतात. तुम्हाला काय माहीत असणार, बाई.

मला काय माहीत असणार. माझ्या वर्गात त्यांनीच हे सांगितलं होतं, ते त्यांच्या ध्यानातून गेलं होतं. मी मान हलवली आणि त्यांना दारापर्यंत सोडलं.

त्यानंतर भाऊ दर रविवारी माझ्याकडे चहाला यायला लागले. येताना दुधाची पिशवी आणायचे. नातीबद्दल सांगायचे, तिला अजून बघायला गेले नव्हते. तोंड दाखवायची लाज वाटते म्हणायचे. मंगलाबाई बसायची त्या खिडकीकडे पाठ करून बसायचे. दर वेळी कधी ना कधी बोलणं तिथंच यायचं, की मला एकट्याला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. दर वेळी मी चहात साखर ढवळत राहायचे. असे किती रविवार मी जाऊ दिले ते मी मोजलेलं आहे. अकरा.

बाराव्या रविवारी मी सांगितलं. धीटपणा म्हणून नाही. त्या माणसानं माझ्यापुढं स्वतःला दर रविवारी सोलावं आणि मी त्याचं दूध घालून चहा प्यावा, हे मला झेपेना. मी वर्गातल्या त्या दिवसाची आठवण दिली, फळ्यावरचा दोनशे साठ, बिडीचा ताप. मंगलाबाई भाजलं की ताप येतो म्हणाली होती ते सांगितलं. झाकण मला ठाऊक होतं ते सांगितलं. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी काय बोलले ते सांगितलं. तेव्हासुद्धा टेफलॉन माझ्या डोक्यात नव्हतं, पण मिसरीच्या धुराचं मला माहीत होतं आणि मी ठेचा म्हणाले. डॉक्टरांना खरं कळलं असतं तर ती वाचली असती का, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तेही सांगितलं.

भाऊ ऐकत होते. कप हातात होता, तो त्यांनी अलगद खाली ठेवला.

"हाई माले काबर सांगं, बाई?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "इतला दिन मी एकलाच गुन्हेगार व्हतू. आते तुमनावर बी राग करना पडी. मंग मी चहा पेवाले कोठे जाऊ?"

ते उठले, चपला घातल्या आणि गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही. जिन्यात समोर आले तर मला वाट देण्यासाठी बाजूला सरकून भिंतीकडे बघत उभे राहतात. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण घरात ते बसून राहिले नाहीत. गेल्या महिन्यापासून त्यांनी एक काम काढलं आहे. शेडमधल्या कारागिरांपैकी सात-आठ जण याच वसाहतीत राहतात, आणि असे तुकडे आता बऱ्याच घरांत आलेत, कुणी पापडाला घेतं, कुणी तव्यावर घालून डोसे काढतं. रविवारी सकाळी भाऊ तो कडं पडलेला तुकडा पिशवीत घालून निघतात आणि दारोदार जातात. पुरुषाशी बोलत नाहीत. घरातल्या बाईला बोलावतात, तुकडा दाखवतात, आणि हात धुण्यापासून सुरुवात करून सगळं सांगतात. मिसरी लावत असाल तर लावा, माझ्याकडून शपथ नाही, पण भाजताना हे जवळ आणू नका, खिडकी उघडी ठेवा, नवऱ्यानं आणलेलं पांढरं काहीही विस्तवावर ठेवू नका. काही बायका हसतात, काही दार लावून घेतात. एकीनं म्हणे आपली मिसरीची डबी आणून त्यांना दाखवली आणि रडायला लागली.

परवाच्या रविवारी त्यांनी आमची इमारत घेतली. मी आतून ऐकत होते. तळमजला झाला, पहिला झाला, दुसरा झाला. मग पावलं आमच्या मजल्यावर आली. कोपऱ्यातल्या छायाच्या दारावर टकटक झाली, ती बाहेर आली, भाऊंचं बोलणं सुरू झालं, हात धुण्यापासून ते खिडकीपर्यंत, एक शब्द न गाळता. मग समोरच्या दारावर टकटक. तिथंही सगळं पहिल्यापासून. मी ओट्यावरचा गॅस बंद केला, पदर सारखा केला आणि दाराशी येऊन कडीवर हात ठेवून उभी राहिले.

बोलणं संपलं. पावलं माझ्या दारापर्यंत आली, थांबली नाहीत, आणि शेजारी त्यांच्या कुलपाचा आवाज आला. सगळ्या इमारतीत माझं एकच दार त्यांनी वाजवलं नाही. मला सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं, मला ते आधीपासूनच माहीत होतं.